गच्चीची गळती : उन्हाचाही विचार व्हावा
गच्ची का गळते, या चर्चेत इतरांनी दिलेल्या प्रतिसादांत सारा दोष पावसाला द्यावा, असा सूर आहे. मला तो अपुरा वाटतो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग त्याहून बराच अधिक तापतो. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या सुमारे एक लाखांश प्रसरण पावते. म्हणजे १० मीटरचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने साधारण ३ मिलिमीटर वाढतो, रात्री पुन्हा आकसतो, आणि हा रोजचा ताण कठड्याच्या सांध्यावर येऊन तिथे बारीक भेगा पडतात. त्यातच तापल्या गच्चीवर वळीव कोसळला, की वरचा थर एकाएकी आकसतो.

पत्र्याच्या छपरात स्क्रूखालचे रबरी वायसर आधी जातात. अतिनील किरणांनी ते कडक होऊन तडकतात.

गळती रोखण्यासाठी गच्चीवर चिकटवलेला डांबरी पट्टा उन्हात उघडाच ठेवणे (खर्च वाचवण्यासाठी असे सर्रास होते, याचे वाईट वाटते) मला सर्वांत घातक वाटते. त्यावर कोबा (सिमेंटचा जाड थर) किंवा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) हवेच. ते परवडत नसल्यास ऊन परतवणारा पांढरा चुना तरी दर उन्हाळ्यापूर्वी मारावा आणि सांध्यांतील भेगा वळवाआधीच लवचिक सीलंटने भरून घ्याव्यात.