आजोबांची बंदूक: थ्री नॉट थ्री की ४१० मस्केट? बोअर (नळीचा आतला व्यास) ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून जसं पाहिलं तसं लिहिते.

आईचे वडील मागच्या वर्षी गेले. शेतात रानडुकरं शिरायची म्हणून त्यांनी परवाना काढला होता. ते गेल्यावर मामाने बंदूक रीतसर पावती घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. आता वारस म्हणून स्वतःच्या नावावर परवाना मिळावा यासाठी त्याला अर्ज करायचाय. जुन्या परवाना पुस्तिकेत शाईने ‘४१० मस्केट’ असं लिहिलंय. विक्रेता मात्र म्हणतो, “ही सरळ सरळ थ्री नॉट थ्री आहे. बंदी बोअर. नावावर व्हायची नाही.” त्याने ड्रिलचं, म्हणजे बिनदारूचं, ३०३ चं काडतूस आत सरकवलं आणि बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, आमच्यासमोर बंद करून दाखवला. खट्कन बसला. आजोबांनी इतकी वर्षं बंदी असलेली बंदूक बाळगली की काय, या विचाराने मामा हबकलाय. आजीला तर हा प्रश्नच अपमान वाटतोय.

दस्त्याच्या मानेवर लोखंडी पट्टी आहे. तिच्यावर मुकुट, खाली जी.आर.आय., इशापूर, १९४२. पुढेही काही कोरलंय, पण पॉलिशखाली बुजलंय. नक्की बोअर कुठला, हे न उडवता कसं कळेल?

प्रतिसाद १
ताई, एनसीसीत हीच बंदूक खांद्यावर घेऊन तीन वर्षं परेड केली आहे. वर्णनावरून शंभर टक्के थ्री नॉट थ्री. २६/११ ला मुंबईत आपल्या पोलिसांच्या हातात होती तीच. शिवाय काडतूस बसलं म्हणता, मग विषयच संपला.

प्रतिसाद २
विषय संपत नाही, इथूनच सुरू होतो.

जी.आर.आय. म्हणजे जॉर्जियस रेक्स इम्पेरातोर, ‘राजा जॉर्ज, सम्राट’. इशापूर हा बंगालमधला सरकारी रायफल कारखाना. पट्टीवरची खूण बंदूक मुळात काय होती ते सांगते. पुढे तिचं काय केलं ते सांगत नाही. तुमची बंदूक जन्माने एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड रायफल), म्हणजे ३०३, यात वाद नाही. पण इशापूरने अशा कितीतरी रायफलींच्या नळ्यांतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा) काढून त्या गुळगुळीत केल्या आणि पोलीस, पहारेकरी यांच्यासाठी ४१० च्या एकबारी मस्केट बनवल्या. हेतू साधा: बंदूक हिसकावली गेली तरी सैन्याच्या गोळ्या तिच्यातून नीट चालू नयेत आणि लांबचा नेम साधू नये.

आता काडतुसाची मेख. या मस्केटसाठी काडतूस पूर्ण नव्याने घडवलं नाही. ३०३ चीच पितळी पुंगळी घेतली, फक्त पुढची मान आवळली नाही. सरळ नळकांडं ठेवलं. बूड तेच, कड तीच, लांबी जवळपास तीच. त्यामुळे ३०३ चं काडतूस तिच्यात बसतं आणि बोल्टही बंद होतो. विक्रेत्याच्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. उलट म्हणूनच ती धोकादायक: खरं ३०३ चं काडतूस चुकून उडालं तर मानेला आधार नाही, पुंगळी फाटणार.

बंदूक रिकामी असल्याची खात्री विक्रेत्याकडूनच करून घ्या आणि त्यालाच तीन गोष्टी बघायला सांगा.

नळीच्या तोंडाशी व्हर्नियर लावा. ३०३ (म्हणजे ०.३०३ इंच) असेल तर ७.७ मिमीच्या आसपास, ४१० असेल तर १०.४. हा फरक डोळ्यांनाही दिसतो.

नळीत उजेड टाका. ३०३ मध्ये पाच आटे डावीकडे वळत जाताना दिसतात. मस्केटची नळी आरशासारखी.

बोल्ट काढून खाली बघा. मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या पेटीच्या, पोकळीत लाकडी ठोकळा भरलेला असेल, तर ती एकेक काडतूस हाताने भरायची बंदूक.

प्रतिसाद ३
ऐंशी वर्षांची बंदूक म्हणजे अँटिक झाली ना? मग परवाना कशाला? भिंतीवर लावा.

प्रतिसाद २
असले सल्ले कृपया देऊ नका, लोक आत जातात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट ज्या जुन्या हत्याराचा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापर होऊ शकत नाही, त्याला आहे. इथे तर बोल्ट खट्कन बसतोय!

धागाकर्ती
आज मामासोबत जाऊन आले. विक्रेता आधी कुरकुरला, मग त्यालाच उत्सुकता लागली. तोंडाशी माप १०.४ मिमी. नळी आतून गुळगुळीत, एकही आटा नाही. आणि लाकडी ठोकळा आहे! मॅगझिन आहे असं आम्ही समजत होतो, तिथे आत शिसवी रंगाचं लाकूड ठासून बसवलंय. मामाने तिथूनच आजीला फोन लावला.

एक गोंधळ उरलाय. घरात आजोबांची ४१० ची छर्‍याची काडतुसं होती, नेहमीची, पुठ्ठ्याची. तीही बंदुकीबरोबर जमा केली होती. ती या बंदुकीत चालत असतील का?

प्रतिसाद २
मूळ मस्केटमध्ये नाही. छर्‍याच्या ४१० काडतुसाचं अंग १२ मिमीच्या पुढे, आणि ३०३ चं बूड ११.७. ते पूर्ण आत जायचंच नाही. चालत असतील तर याचा अर्थ मागचा कोठा, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, कुणीतरी रीमरने मोठा केलाय. तसं असेल तर अर्जाआधी कळलेलं बरं, कारण ‘४१०’ एवढंच लिहून भागणार नाही. परवानाधारक गनस्मिथकडून कोठ्याचा साचा काढून घ्या: कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू ओततात, थिजला की बाहेर काढून मोजतात. बुडाशी ११.७ च्या आसपास आलं तर मूळ, १२ च्या वर आलं तर मोठा केलेला. आणि तोवर ती काडतुसं घालून बघायचा मोह विक्रेत्यालाही होऊ देऊ नका.

प्रतिसाद १
माझे ‘शंभर टक्के’ मागे घेतो. आमच्या बंदुकीत ठोकळा नव्हता, पण नळीत डोकावून कधी बघितलं नव्हतं हेही खरं.

धागाकर्ती
गनस्मिथने शुक्रवारी बोलावलंय. साच्याचं माप आलं की इथेच टाकते.