गोंगफू चहाचा सेट मिळालाय पण वासच येत नाही, कोणी सांगेल का?

धरमपेठी

भाचा मशिनरीच्या कामानं ग्वांगझूला गेला होता, येताना मामासाठी चहाचा सेट घेऊन आला. झाकणवाली एक वाटी बशीसकट, काचेचा छोटा जग, अन् कप दोन तऱ्हेचे, एक बसका आणि एक उंच नळीसारखा, दोन्ही मिळून दोन घोट मावत असतील. सोबत चहाचं पाकीट. त्यावरच्या अक्षरांवर मोबाईल धरला तर भाषांतर काय यावं, 'बदकाच्या शीचा सुगंध'! बायको म्हणे हे माझ्या स्वयंपाकघरात नको. भाचा म्हणतो मामा बिनधास्त प्या, महाग आहे.

मग रविवारी दुपारी व्हिडिओ लावून बसलो. चमचाभर पानं, उकळतं पाणी काठोकाठ, ग्रीन टीसारखं चार मिनिटं ठेवलं. वाटी उचलताना दोन बोटं भाजली. चहा कारल्याच्या पाण्यासारखा कडू. आणि व्हिडिओतला माणूस तो उंच रिकामा कप नाकाला लावून डोळे मिटून बसतो, तसं मीपण केलं तर मला काहीच वास आला नाही. आई म्हणाली, तीर्थ देऊन राहिला का रे, चहा कधी देशील? शेवटी तिनंच गंजात अद्रक टाकून चहा ठेवला.

रिकाम्या कपाचा वास कशाला घ्यायचा? चहा आहे त्या कपाचा का नाही? का हे सगळं नुसतं नाटक आहे?

तर्रीबाज

नाटकच आहे भाऊ. चहा म्हणजे ठेल्यावरचा, दोन उकळ्या आलेला. वास घ्यायला अगरबत्ती आहे.

चहाटळ

नाटक नाही हो. मी शेन्झेनला तीन वर्षं नोकरीला होतो, तिकडे ऑफिसात, दुकानात, अगदी गॅरेजमध्येपण हा पसारा मांडलेला असतो, आपल्याकडे पाहुण्याला पाणी विचारतात तसं.

आधी नावाचं सांगतो म्हणजे वहिनी घाबरणार नाहीत. 'या शी श्यांग' हा ग्वांगतोंग प्रांतातल्या फीनिक्स डोंगरावरचा दानत्सोंग जातीचा ऊलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि काळ्या चहाच्या मधला चहा. बदकाचा काही संबंध नाही. तिकडे गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याकडे फार सुगंधी झाड होतं, कोणी फांदी चोरू नये म्हणून त्यानं मुद्दाम घाण नाव सांगितलं. पुढं त्याला सभ्य नावही दिलं पण लोक जुन्याच नावानं मागतात. म्हणजे भाच्यानं चांगला माल आणलाय.

आता चूक कुठं झाली. चार मिनिटं!! अहो ही गोंगफू पद्धत म्हणजे पानं भरपूर आणि वेळ एकदम कमी. १०० मिलीच्या वाटीला ६-७ ग्रॅम, पानांनी निम्मीअर्धी वाटी भरलेली दिसली पाहिजे. पाणी खळखळ उकळतं. पहिलं पाणी ओतून लगेच फेकायचं, त्यानं पानं जागी होतात. मग दुसरं पाणी ५ ते १० सेकंद, की जगात रिकामं. मग पुन्हा, पुन्हा, दरवेळी थोडं जास्त. त्याच पानांवर सात-आठ वेळा आरामात होतो, आणि खरी मजा ही की तिसरा चहा पहिल्यासारखा नसतो. दानत्सोंग तर जरा जास्त ठेवला की लगेच कडवटतो, चिडक्या माणसासारखा. आणि वाटी काठोकाठ भरायची नाही, वरचा काठ बाहेर वळलेला असतो ना, तिथं पाणी लागलं की बोटं भाजणारच. अंगठा आणि मधलं बोट त्या काठावर, पहिलं बोट झाकणाच्या गोंड्यावर.

वासाचं म्हणाल तर सगळ्यात आधी झाकण उलटं करून हुंगा, कपाच्याही आधी. तो उंच कप फक्त वासासाठीच आहे, त्यातून प्यायचं नाही. त्यात चहा ओता, बसका कप वर पालथा ठेवा, दोन्ही धरून उलटे करा, आता उंच कप हळूच वर उचला, चहा खाली राहतो आणि वास वर भिंतीला चिकटून राहतो. तळहातात गोल फिरवत वास घ्या, गरम असताना, कोमट असताना, गार झाल्यावर. तिन्ही वेगळे येतात.

हा उंच कप तसा जुना नाही, तैवानमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. ग्वांगतोंगमधल्याच छाओझोऊ शहराच्या जुन्या पद्धतीत तीनच छोटे कप असतात आणि जगही नसतो. केटली तिन्ही कपांवर गोल गोल फिरवत ओततात, त्याला म्हणतात सेनापती गुआन गोंगची शहरभर गस्त, आणि शेवटचे थेंब एकेका कपात टपटप टाकतात ते 'हान शिन (हापण जुना सेनापती) सैनिक मोजतोय'. एकाला पातळ अन् एकाला कडक जाऊ नये एवढंच त्यामागं. मला तर ही दोन नावं चहापेक्षा जास्त आवडली.

एक सांगा, बसले कुठं होते?

मनीषनगरची मावशी

रिकाम्या कपाचं कोडं अत्तरवाल्याला विचार रे. मोमिनपुऱ्यात रमजानमध्ये अत्तर घ्यायला गेलं की तो मनगटावर लावतो आणि म्हणतो, थांबा, आत्ता नका हुंगू. हलके वास आधी उडून जातात, जड मागं राहतात. भरल्या कपाची वाफच नाकात जाते, रिकाम्या कपात वाफ नाही आणि जे चिकटून राहिलं तेच येतं.

आपल्याला चहाचा वास घ्यायची सवय नाही त्याचं कारण आपला दाणेदार चहा. ते सीटीसी मशीन आसामात १९३० च्या दशकात निघालं, पान चिरडून, फाडून, गोळी वळायची, म्हणजे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. वर दूध, साखर, अद्रक. तो चहा वाईट नाही, मीपण रोज दोनदा पिते, पण त्यात पानाचा वास शोधायला जाऊ नये.

आणि पाणी कोणतं घेतलं? आमच्या बोअरच्या पाण्याचा चहा केला की वर तेलकट साय धरते आणि वास बसतो. नुसतं आरओचंही फार सपक लागतं, मी आरओमध्ये थोडं नळाचं मिसळते.

धरमपेठी

@चहाटळ हॉलमध्ये बसलो होतो, कूलरसमोर. ४४ डिग्रीत उकळता चहा प्यायचा म्हणजे कूलर पाहिजेच ना. परवाच नवीन वाळ्याच्या ताट्या लावल्या.

चहाटळ

झालं! 😂 अहो अख्ख्या हॉलमध्ये वाळा घमघमतोय अन् तुम्ही गुंजभर कपात वास शोधून राहिले. वाळ्यापुढं बिचाऱ्या बदकाचं काय चालणार.

मनीषनगरची मावशी

आणि आईंची उदबत्तीपण असेल 😄

धरमपेठी

होती.

धरमपेठी

अपडेट देतो. काल पहाटे साडेपाचला केला, मागच्या गॅलरीत, कूलर बंद, देवपूजेच्या आधी. किचनच्या काट्यावर ६ ग्रॅम मोजला, वाटी तीन चतुर्थांश भरली, बोटं वाचली. पहिलं पाणी कुंडीत ओतलं (गार करून). दुसऱ्याला दहापर्यंत मोजलं की लगेच जगात.

झाकण नाकाजवळ नेलं आणि खरं सांगतो मागं झालो, एवढा वास! फुलांचा, पण कुठल्या ते कळेना. आईला दिलं झाकण. तिनं दोनदा हुंगलं अन् म्हणाली, अनंत. आमच्या महालच्या वाड्यात विहिरीजवळ अनंताचं झाड होतं, मी सहा-सात वर्षांचा असताना ते पाडलं, मला नीट आठवतपण नाही. ती मग त्या झाडाबद्दलच बोलत बसली, चहा गार झाला तिचा. उंच कप मात्र तिनं सोडला नाही, गार झाल्यावर म्हणते आता गूळ येतोय. मला गूळ नाही आला, मला मधासारखं काहीतरी वाटलं. एकूण सहा वेळा पाणी घातलं, चौथा सगळ्यात बेस्ट.

त्यानंतर अर्थात अद्रकवाला झालाच.

चहाटळ

आईंचं नाक भारी आहे. याच डोंगरावरच्या दानत्सोंगच्या एका प्रकाराचं नावच अनंताच्या वासावरून आहे, हुआंग झी श्यांग. पुढच्या वेळी भाच्याला तो सांगा.

तर्रीबाज

बरं, एकदा बोलवा मग, पाहू तरी. पण सोबत तर्री पोहे ठेवजा.

चहाटळ

पोहे नंतर. आधी तर्री खाल्ली तर तुम्हाला दिवसभर तर्रीचाच वास येईल.