‘व्हॉट्सअ‍ॅप आहे की!’ म्हणणाऱ्यांनी जुनी नोंद शोधून दाखवावी

कातळपाणी :
‘नवा ट्रेक ग्रुप काढतोय, मेलिंग लिस्ट नि वेबसाइट कशी करू?’ असं परवा एका पोराने विचारलं. पहिलाच प्रतिसाद : ‘हे पेन्शनरांचे चोचले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढ, पाच मिनिटांचं काम.’ उत्तर लिहायला घेतलं, ते मारुतीच्या शेपटासारखं वाढलं, म्हणून वेगळा धागा.

आमचा ग्रुप वीस वर्षांहून जुना. यंदा बोराट्याच्या नाळेने (नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ) उतरायचं ठरलं. नाळेतून लिंगाण्याच्या खिंडीकडे वळताना जी आडवी जागा लागते, तिथे दोर कशाला बांधला होता? एकाने पूर्वी फोटोवर खुणा करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झकास नोंद टाकली होती. दोन संध्याकाळी शोधत बसलो. सुप्रभात, केक, अंगठे, पुन्हा सुप्रभात. आम्ही देवनागरीत शोधतोय, पठ्ठ्याने लिहिलेलं रोमनमध्ये. सापडली तर फोटो उघडेना, आणि टाकणाऱ्याचा फोन ताम्हिणीत पाण्यात गेलेला.

स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या, त्यावर साधी पानं ठेवा, आणि जिचं दप्तर चाळता येईल अशी मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर टाकलेली मेल सगळ्या सभासदांना जाते ती) चालवा. डोमेनला वर्षाला हजारेक रुपये. परतीच्या वाटेवर मिसळीला याहून जास्त उडवतो आपण.

उनाडटप्पू :
तो प्रतिसाद माझाच. नाव घ्यायला लाजता कशाला, काका?

मेल वाचतं कोण? रात्री साडेदहाची बस नळस्टॉपऐवजी चांदणी चौकातून सुटणार, हे मेलवर कळवून बघा. आमच्या आधीच्या ग्रुपात असाच एक हट्टी मेलवाला होता. तिघं नळस्टॉपवर सॅक घेऊन उभे, आम्ही पौडच्या पुढे. त्यातली एक अजून माझ्याशी बोलत नाही.

माजी खजिनदार :
कातळपाणी, तुमचा मिसळीचा हिशोब वाचून गहिवरून आलं. आता खरा हिशोब ऐका.

आमचंही डोमेन होतं. सेक्रेटरीने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या जुन्या डायल-अपच्या ईमेलवर घेतलेलं. साहेब अमेरिकेला गेले, कार्ड संपलं, स्मरणपत्रं त्या मेलेल्या पत्त्यावर जात राहिली. डॉट कॉमची मुदत टळली की आधी सवलतीचे दिवस, मग दंड भरून सोडवायचे ३० दिवस, मग पाच दिवसांत नाव पुन्हा बाजारात. हे मला केव्हा कळलं? सगळं उलटून गेल्यावर. आता तिथे रमीची जाहिरात आहे, आणि आमच्या जुन्या टी-शर्टांच्या पाठीवर अजून तोच पत्ता. माझे सासरे तो घालून बागेत फिरायला जातात.

कातळपाणी :
काका म्हणू नका, गुडघे अजून शाबूत आहेत.

खजिनदारसाहेब, ही डोमेनची चूक की सेक्रेटरीची? पत्ता ग्रुपचा ठेवायचा, पासवर्डच्या किल्ल्या दोघांकडे, पाच वर्षांचे पैसे एकदम भरायचे. फुकटाचंही काही शाश्वत नसतं. फुकट वेबसाइट देणारं जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४ मध्ये, आणि फुकट मेलिंग लिस्ट देणारं याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला पूर्ण बंद. त्याच्या वर्षभर आधीच जुना मजकूर काढणार हे जाहीर झालं होतं. आमच्या २००४ पासूनच्या मेल्स तिथे होत्या. उतरवून घ्यायचं काम मी अंगावर घेतलं आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं. चूक शंभर टक्के माझी. म्हणूनच तर जीव तोडून सांगतोय.

उनाडटप्पू :
म्हणजे मेलिंग लिस्टच बुडाली ना? मग आमच्या व्हॉट्सअ‍ॅपला कशाला नावं ठेवता?

नेटकी :
मी पाच वर्षं स्वतःच्या सर्व्हरवर मेलमन, म्हणजे मेलिंग लिस्टचं सॉफ्टवेअर, चालवलंय, म्हणून दोन शब्द. करू नका.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचं (पत्र खरंच त्या पत्त्यावरून आलंय का हे तपासायच्या पद्धतीचं) धोरण ‘रिजेक्ट’ केलं, त्याने जगभरच्या मेलिंग याद्या कोसळल्या. यादी विषयाच्या आधी कंसात ग्रुपचं नाव घालते, तळाला ओळ चिकटवते, त्यामुळे मूळ सही जुळत नाही आणि पुढचा सर्व्हर पत्र परत पाठवतो. गंमत पुढे आहे : परत आल्याचा ठपका लिहिणाऱ्यावर नाही, ज्याला ते पोचलं नाही त्याच्यावर. असे ठपके साचले की मेलमन त्या बिचाऱ्याचीच डिलिव्हरी थांबवतं. मी दर रविवारी माणसं परत चालू करत बसायचे. नवरा म्हणायचा, निदान कुकर तरी लाव.

पुढे प्रेषक म्हणून यादीचाच पत्ता दाखवायची सोय आली, पण आता एसपीएफ, डीकिम (पाठवणारा खरा असल्याच्या तांत्रिक खुणा) नीट नसेल तर पत्र थेट स्पॅममध्ये. पानं स्थिर, म्हणजे नुसत्या साध्या फाइली, ठेवा, ती फुकटही ठेवता येतात. यादी मात्र तयार सेवेवर चालवा, आणि दर सहा महिन्यांनी दप्तर उतरवून घ्या. दिवाळीआधी!

भटकभवानी :
पानं, यादी, सगळं मान्य. पण त्या पानांवर जीपीएक्स फाइली, म्हणजे मोबाइलच्या नकाशावर वाट दाखवणारे ट्रॅक, टाकणार असाल तर माझा कडाडून विरोध. देवकुंड धबधब्याला पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागतात. सांदण दरीत शनिवारी रांग. घाटवाटा तरी सोडा.

उनाडटप्पू :
आल्या! ताई, घाटवाटा तुमच्या सातबाऱ्यावर आहेत का?

भटकभवानी :
नाहीत. गावकऱ्यांच्या आहेत. आम्ही एका नाळेचा ट्रॅक टाकला होता. सहा महिन्यांनी चार पोरं गावात न विचारता, मोबाइल बघत दुपारी तीनला उतरायला लागली. रात्री ज्या मामांकडे आम्ही जेवतो ते बॅटरी घेऊन वर गेले. पहाटे पोरांना खाली आणलं, पोरांनी सेल्फी काढला. मामांनी मला एवढंच विचारलं, ‘हे तुमीच टाकलं व्हतं ना?’ ट्रॅक त्याच दिवशी काढला.

कातळपाणी :
आणि धुक्यात ट्रॅकमुळेच माझा जीव वाचलाय त्याचं काय? दहा पावलांवर कडा होता. ज्ञान लपवून कुणाचं भलं झालंय?

भटकभवानी :
ज्ञान म्हणे! ट्रॅकच्या निळ्या रेषेत पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं ते कळतं का? कुठला दगड हलतो ते?

कातळपाणी :
तेच लिहून ठेवायला तर पान मागतोय ना मी, बाई!

नेटकी :
आवाज खाली. वर्णन सगळ्यांना, ट्रॅक फक्त सभासदांना. कुलूप लावायला दहा मिनिटं लागतात.

उनाडटप्पू :
म्हणजे नव्या पोराने आधी वशिला लावायचा. झाली संस्था सुरू. आता अध्यक्ष नेमा, हार आणा.

भटकभवानी :
वशिला नको. एक ट्रेक सोबत करायचा, गावात मामांच्या पडवीत बसून चहा प्यायचा, मग ट्रॅक. एवढं जड जातंय?

उनाडटप्पू :
…चहाचं ठीक आहे. बसची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवरच राहील, ट्रेकची नोंद जाऊ दे तुमच्या त्या पुराणवस्तू संग्रहालयात. दुसरी किल्ली हवी तर माझ्याकडे द्या. मेल मात्र वाचणार नाही.

कातळपाणी :
उपकार झाले.

माजी खजिनदार :
ते सगळं छान. कार्ड कुणाचं लावताय?