कॅशियरकडून तारांकित नोटा कशा मिळवाव्यात? मदत हवी आहे

नमस्कार. छपाईत सदोष ठरलेल्या नोटांच्या बदली रिझर्व्ह बँकेने २००६ पासून १०, २० व ५० रुपयांच्या ज्या नोटा आणल्या, त्यांच्यावर मालिकेची अक्षरे आणि क्रमांक यांच्यामध्ये तारा असतो व त्यांच्या पुडक्याच्या पट्टीवर तशी नोंद असते, हे कळल्यापासून मी त्या संग्रहासाठी मनापासून शोधत आहे. आमच्या शाखेतील कॅशियर बाई अतिशय सौजन्यशील आहेत, परंतु मागे पेन्शनधारकांची रांग असताना त्यांना पुडकी पाहायला सांगणे मला मुळीच योग्य वाटत नाही. आपण अशी विनंती कोणत्या वेळी केलीत, आणि ती तोंडी की लेखी? शिवाय नाण्यांची पूर्ण पिशवी घेऊन, त्यातील जुनी निवडल्यावर उरलेली त्याच शाखेत भरता येतात का?