उत्तर: सकाळच्या एफएमवर बातम्या का नसतात?

एका वाचकाची तक्रार आहे की खाजगी एफएमच्या सकाळच्या कार्यक्रमात नुसता टवाळपणा असतो, बातम्या सांगायला आरजेंना (रेडिओवरच्या निवेदकांना) कंटाळा येतो. टवाळपणाबद्दल वाद नाही, पण बातम्यांचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडू नका. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. केंद्र सरकारच्या 2011 च्या एफएम धोरणानुसार आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, एका शब्दाचीही काटछाट न करता लावता येतं, बस. मात्र ट्रॅफिक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणीकपात, वीज यांची माहिती 'बातमी' धरत नाहीत. म्हणून तर सकाळी आठला कुठला पूल तुंबलाय हे आपल्याला दहादा कळतं आणि मंत्रिमंडळात काय झालं ते एकदाही नाही! 2023 मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) त्यांना तासाला जास्तीत जास्त दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली होती.

अशा वेळी विनोद ही पळवाट होते. 2017 मध्ये रेड एफएमची आरजे मलिष्का हिने मुंबईच्या खड्ड्यांवर विडंबनगीत केलं, ते बातमीपत्रात थोडंच बसलं असतं? पण महापालिकेला ते चांगलंच झोंबलं. पाहुण्यांचंही तेच. नगरसेवकाला बोलावून राजकारण विचारणं अवघड, त्यापेक्षा नटाला बोलावून शूटिंगचे किस्से काढणं सोपं. आमच्याकडे तरी अजून सकाळी आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागतात आणि त्या संपल्या की लेक रेडिओचा काटा फिरवते.