‘गोवा’ विकली की विकला?

पानगळ: एका इटालियन कथेचा अनुवाद करतेय. त्यात म्हातारा मुलाला सांगतो, ‘गोवा’ विकून टाकलं. मी पहिल्या खर्ड्यात ‘गोव्यातली जागा विकली’ असं करून मोकळी झाले. पुढच्याच पानावर त्या ‘गोव्या’च्या जुन्या टायरांचं काय करायचं यावरून बापलेकांचं भांडण! तेव्हा ट्यूब पेटली. आपली नाशिकची स्कॉर्पिओ इटलीत ‘गोवा’ नावाने विकायचे. आता सरळ ‘स्कॉर्पिओ’ लिहू का? आणि ‘गोवा’च ठेवलं तर विकला की विकली? नवरा म्हणतो विकला. १९६१ साली गोवा मुक्त ‘झाला’, ‘झाली’ नाही.

घाटमाथा: विकली. विषय संपला. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून सुमो, इंडिका, पजेरो सगळ्या ‘ती’. चेतक तर राणा प्रतापांचा घोडा, तरी आमच्या अण्णांनी चेतक ‘घेतली’च.

नटबोल्ट: कसला संपतोय! टाटा एस २००५ ला आली तेव्हा ‘ती’ होती. बघता बघता तिचा ‘छोटा हत्ती’ झाला आणि लिंगही बदललं. आमच्या मार्केट यार्डात ‘हत्ती लागला का गाळ्याला?’ असंच विचारतात. टेम्पो पुल्लिंगी, म्हणून हत्तीही. आणि टेम्पो हे तरी कुठे आपलं? जर्मन कंपनीचं नाव, पुण्याच्या बजाज टेम्पोमुळे रुळलं.

अनुस्वार: म्हणूनच ‘मालवाहू गाडी’ म्हणावं. परक्या कंपनीचं नाव सामान्यनाम म्हणून मिरवायची हौस आपल्यालाच. पानगळ, विशेषनामाचं भाषांतर होत नाही. गोवा ठेवा, तळटीप द्या.

नटबोल्ट: रस्त्यात उभं राहून ‘ओ मालवाहू’ अशी हाक मारून बघा. कोण थांबतंय ते कळवा.

काटेसावर: तळटीप नको, कथा मरते. पण गाडीचं नाव बदलताना जपून. पजेरो हे मूळ दक्षिण अमेरिकेतल्या एका रानमांजराचं नाव, पण स्पॅनिश बोलीत त्याचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही. म्हणून तिकडे ती ‘मोन्तेरो’, म्हणजे डोंगरातला शिकारी. ब्रिटनमध्ये ‘शोगन’. वाचकाला कळावं म्हणून मोन्तेरोची पजेरो केलीत, तर स्पॅनिश आजीच्या तोंडी शिवी जाईल. तुमच्या म्हाताऱ्याने ‘गोवा’ शब्दावर काही कोटी केलीय का?

पानगळ: केलीय ना! तो जन्मात गावाबाहेर गेलेला नाही, आणि म्हणतो, ‘मी वीस वर्षं गोव्यात बसलो.’ म्हणूनच स्कॉर्पिओ लिहवत नाहीये.

डबलबेल: इटलीचा विषय निघालाच आहे म्हणून. बारामतीला बनणारी ॲपे म्हणजे इटालियनमध्ये ‘आपे’, मधमाशी. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. गांधीलमाशी १९४६ ची, मधमाशी १९४८ ची. आमचे इंग्रजीचे सर मात्र ‘एप’ म्हणायचे, माकड. मागे लटकून शाळेत जायचो, त्यामुळे आम्हाला ते पटायचं.

घाटमाथा: आणि सुमो म्हणजे जपानी पैलवान.

काटेसावर: नाही हो! सुमंत मुळगावकर, टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे. त्यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं.

अनुस्वार: मग ‘सुमु’ व्हायला हवं होतं. मुळगावकरांचा ‘मो’ रोमन स्पेलिंगमधल्या दोन ‘ओ’पैकी एक खाऊन झालाय. मराठी माणसाचं नाव गाडीला दिलं, तेही इंग्रजीतून.

घाटमाथा: ‘सुमु’ नावाची गाडी वडापला कोण लावणार? दहा माणसं कोंबायची तर पैलवानच पाहिजे.

डबलबेल: भेकर चाललं असतं? क्वालिस इंडोनेशियात ‘किजांग’ म्हणून खपली. किजांग म्हणजे भेकर, आपल्या सह्याद्रीत भुंकतं त्याच जातकुळीतलं. आणि ‘क्वालिस’ हा लॅटिन शब्द, अर्थ ‘कसला’. ‘कसली गाडी घेतली?’ ‘कसला.’

माडाखाली: तुम्ही सगळे विकला-विकली करताय. आमच्या कोंकणीत ‘गोंय’ नपुंसकलिंगी. आमचें गोंय. तेव्हा ‘विकलें’. आणि त्याला गाडीच लागते असं नाही, सध्या रोज गुंठ्यागुंठ्याने चाललंय.

अनुस्वार: मुळगावकरांबद्दल माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही, याची नोंद घ्यावी.

पानगळ: मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. तूर्त ‘गाडी विकली’ असं लिहून ठेवलंय.

नटबोल्ट: कुठली गाडी? किती साली घेतलेली?