'ग्रॅम-ऋण' जंतूंना मराठीत काय म्हणावं?

खानापूरकर: विहिरीच्या पाण्याबद्दलचं माहितीपत्रक मराठीत करतोय. मूळ कन्नड आणि इंग्रजी. 'एंटरोबॅक्टेरिएसी' या कुलापाशी अडलो. आतड्यात आणि मातीत राहणारे, दंडाकार, ग्रॅम-ऋण जिवाणू. ई. कोलाय, साल्मोनेला, क्लेब्सिएला त्यातलेच. 'ग्रॅम-ऋण' वाचून मामांनी विचारलं, "वजनात कमी भरतात काय रे?" आणि 'कुल' म्हटलं की त्यांना जमीन कसणारं कूळ आठवतं.

वडगावची लेक: दादा, ग्रॅम हे आडनाव. हान्स क्रिस्टियान ग्रॅम, डेन्मार्कचे डॉक्टर. १८८४ साली त्यांनी ही रंगवायची रीत मांडली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुणं. ज्यांच्या पेशीची भिंत जाड त्यांचा जांभळा टिकतो, या कुलाचा निघून जातो. आमच्या घरी माग होता. सूत असं वागलं की आजी म्हणायची, "रंग सोडतंय की." मी 'रंग सोडणारे जंतू' लिहीन.

चिकोडी_मास्तर: परिभाषा अशी घरगुती करू नये. नंतर सॅफ्रॅनिन या रंगानं ते गुलाबी होतातच ना? 'आंत्रजीवाणू' मात्र घ्या. ग्रीक 'एंटेरॉन' आणि संस्कृत 'अन्त्र', म्हणजे आतडं, ही सख्खी भावंडं. आणि 'जिवाणू' नव्हे, 'जीवाणू', तत्सम आहे.

वडगावची लेक: सर, गुलाबी हा वरून चढवलेला दुसरा रंग. जांभळा सोडला म्हणूनच तो दिसतो. आणि मातीतल्यांना 'आंत्र' कसं चालेल?

कडोलीचं रान: मातीतल्यांचं मी सांगतो. रानात पाणी तुंबलं की बटाटा मऊ पडतो, पाणी सुटतं, घाण वास मारतो. ते करणारे पेक्टोबॅक्टेरियम पूर्वी याच कुलात धरायचे. २०१६ साली त्यांचं कुल वेगळं केलं. आम्ही 'बटाटा नासला' म्हणतो, 'कुजला' नाही. कुजतं ते शेणखत, आणि ते कुजायलाच हवं.

निपाणीकर: नासतं ते दूध. बटाटा सडतो.

कडोलीचं रान: दूध फाटतं हो. पाणी सुटून बिघडलं की नासणं. माझ्या आईनं दुसरा शब्द कधी वापरला नाही.

चिकोडी_मास्तर: 'नासणे' संस्कृत 'नश्' धातूवरून. त्यात पाण्याचा संबंध नाही.

खानापूरकर: उद्या छपाईला द्यायचंय. 'ग्रॅम-ऋण' ठेवू की 'रंग सोडणारे'?

निपाणीकर: मास्तर, मग नारळ नासका निघतो, त्याचं काय? त्यात तर पाणी असतंच की.